१९७१ ची फियाट ११०० डी: मागच्या चाकाचा व्हील सिलिंडर नेमका कोणता घ्यावा?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीहून लिहितोय. वडिलांची १९७१ ची फियाट ११०० डी आहे, पहिल्यापासून आमच्याच घरात. गाडी चालू आहे, इंजिनाची तक्रार नाही. अडलंय ते ब्रेकवर.

मागच्या डाव्या चाकातून ब्रेक ऑइल गळतंय. टायरच्या आतल्या बाजूला ओला ओघळ दिसतो आणि बॅक प्लेटच्या (ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या) खालच्या कडेला थेंब लोंबत असतो. पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं. शिवाय जोरात ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते. हे ओढणं मात्र जुनं आहे, बरीच वर्षं तसंच चाललंय.

स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो तर त्यांनी दोन व्हील सिलिंडर (चाकातला, तेलाच्या दाबानं ब्रेकचे शू ढकलणारा भाग) पुढे ठेवले. दोन्हीच्या खोक्यावर 'फियाट-पद्मिनी, मागचा' असंच लिहिलेलं. बाहेरून पाहिलं तर जुळे भाऊ वाटावेत. पण एकाच्या अंगावर ओतकामात ३/४ असा उठावाचा आकडा आहे, दुसऱ्यावर ७/८. दुकानदार म्हणाले, "दोन्ही चालतात, कुठलाही न्या." मला ते पटेना म्हणून काहीच न घेता परत आलो. यातला बरोबर कोणता? आणि तो ठरवायचा कसा?

कुर्ला_वेस्ट
न घेता आलात हे उत्तम केलंत. चाकातला जुना सिलिंडर काढा, पण भंगारात टाकू नका. त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो टाका. तोवर गाडी हलवू नका.

घाटरस्ता
७/८ चाच घ्या की सर. बोअर (सिलिंडरच्या आतल्या भोकाचा व्यास) मोठा म्हणजे ब्रेक जास्त. जुन्या गाड्यांचे ब्रेक तसेही कमी पडतात.

कुर्ला_वेस्ट
घाटरस्ता, हे अर्धंच खरं आहे आणि ब्रेकच्या बाबतीत ते धोक्याचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मास्टर सिलिंडर (पेडलला जोडलेला मुख्य सिलिंडर) जो दाब तयार करतो तो चारही चाकांना सारखाच पोचतो. त्या दाबातून शू (चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारा भाग) किती जोरानं ढकलला जाणार ते पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतं, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी, क्षेत्रफळ सुमारे २.८५ चौ. सेंमी. ७/८ म्हणजे २२.२ मिमी, क्षेत्रफळ ३.८८ चौ. सेंमी. व्यासात फरक ३ मिमीचा, पण जोरात फरक ३६ टक्क्यांचा.

आता हा ३६ टक्के जादा जोर मागच्या चाकांना दिला तर काय होईल? ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकाला जास्त ब्रेक मिळाला की ते पुढच्या चाकांच्या आधी लॉक होतं. पावसात मागची चाकं आधी लॉक झाली की गाडीची शेपटी बाजूला जाते आणि स्टेअरिंग फिरवून ती परत येत नाही. म्हणून पुढे इंजिन असलेल्या गाड्यांत मागचा बोअर साधारणपणे पुढच्यापेक्षा लहान ठेवतात. कंपनीनं काही विचार करून तो ठेवलेला असतो. शिवाय मोठ्या बोअरला तेलही जास्त लागतं. मास्टर तोच राहिला तर पेडल जास्त खाली जाणार.

मास्टरची गोष्ट याच्या नेमकी उलट. मास्टरचा बोअर वाढवला तर पेडल कमी चालतं, कडक लागतं आणि चालवणाऱ्याला वाटतं ब्रेक मस्त झाला. प्रत्यक्षात तेवढ्याच पायाच्या जोरात दाब कमी तयार होतो. ३/४ च्या जागी ७/८ चा मास्टर बसवला तर दाब जवळजवळ २७ टक्क्यांनी घटतो.

आता दोन वेगळे सिलिंडर एकाच नावाच्या खोक्यांत का मिळतात? आपल्याकडे ११०० डी आली १९६४ मध्ये. पद्मिनी हे नाव आलं १९७४ मध्ये आणि गाडी २००० च्या आसपासपर्यंत कुर्ल्यातच बनत होती. साडेतीन दशकं बाहेरचं अंग फारसं बदललं नाही, त्यामुळे दुकानदाराच्या लेखी ती सगळी एकच 'फियाट'. पण आतले सुटे भाग, पुरवठादार, मास्टर, सगळं बदलत गेलं. ज्या गाड्या टॅक्सीत होत्या त्यांना तर जो मिळेल तो भाग लागला. म्हणून खोक्यावरच्या नावाला काही अर्थ नाही. मोजमाप सांगेल तेच खरं.

पांढरी_डिलाइट
कृष्णाकाठ दादा, पुण्याहून लिहितेय. आमचीही १९६८ ची फियाट ११०० डिलाइट आहे. एक विनंती आहे: ड्रम काढलात की आतली काळी धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, फुंकरही मारू नका. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घर्षणाच्या अस्तरात) ॲस्बेस्टॉस असायचं, त्या काळी ते सर्रास होतं. धूळ आधी पाण्यानं भिजवा, ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमधली पोरं नाकाला काही न लावता एअर गन मारतात ते बघवत नाही.

कृष्णाकाठ
धन्यवाद ताई, तसंच केलं. मास्क लावून, ओलं करून.

दोन्ही मागचे ड्रम काढले. डाव्या सिलिंडरची रबरी टोपी मागे सारली तर आतून तेल बाहेर आलं. बोअरच्या खालच्या बाजूला, जिथे रबर कप (तेल अडवणारं सील) बसतो तिथे, गंजाचे खड्डे आहेत. नखाला लागतात. अंगावर ३/४ स्पष्ट दिसतंय. व्हर्निअरनं (बारीक मापाच्या पट्टीनं) खड्डे नसलेल्या भागात १९.१ मिमी भरलं.

आता ऐका. उजव्या बाजूच्या सिलिंडरवर ७/८ आहे! व्हर्निअरला २२.२. म्हणजे माझ्या गाडीला मागे दोन बाजूंना दोन वेगळे सिलिंडर आहेत.

कुर्ला_वेस्ट
तुमची गाडी उजवीकडे ओढते ती यामुळेच. उजव्या चाकाला डाव्यापेक्षा ३६ टक्के जादा जोर मिळतोय, त्यात डावीकडचे शू तेलानं भिजलेले. कोणीतरी कधीतरी एकच बाजू बदलली आणि हाताला आला तो सिलिंडर लावला. आता प्रश्न, मूळचा कुठला? उजव्याचे फोटो टाका. विशेषतः पाइपचा नट कसा बसलाय, बॅक प्लेटवर सिलिंडरच्या बुडाचा ठसा कसा आहे आणि ब्लीड निपल (तेलातली हवा काढायचं तोंड).

कृष्णाकाठ
फोटो टाकलेत. डावा सिलिंडर बॅक प्लेटवर नेमका बसतो, त्याच्या कडेनं कंपनीच्या रंगाची रेघ शाबूत आहे. उजवीकडे मात्र बॅक प्लेटचं भोक कानशीनं वाढवलेलं दिसतंय, कडा उघड्या लोखंडाच्या. पाइपचा नट सोडवताना तिरका आला आणि त्याचे पहिले दोन आटे चेपलेले आहेत.

उद्यमनगर_लेथ
कोल्हापूरहून लिहितोय. भोक कानशीनं वाढवलंय म्हटल्यावर उजवा नंतर बसवलेला, यात शंकाच नको बघा. पण माझं लक्ष गेलं ते चेपलेल्या आट्यांकडं. ते नीट समजून घ्या, कारण इथंच माणसं फसतात.

ब्रेक पाइपच्या नटाला दोन प्रकारचे आटे हमखास भेटतात. एक मेट्रिक, १० मिमी व्यास आणि १ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर). दुसरा ३/८ इंच यूएनएफ, इंचाला २४ आटे. ३/८ म्हणजे ९.५२५ मिमी आणि त्याचं पिच १.०५८ मिमी. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. ३/८ चा नट १० मिमीच्या भोकात गेला तर ढिला ढिला आत जातो, आवळला की आवळल्यासारखा वाटतो, आणि एक दिवस पेडलवर जोर पडला की आटे सोलून बाहेर येतो. उलटं केलं तर दोन फेऱ्यांत अडकतो आणि माणूस पान्ह्याला पाइप लावून जोर करतो. तुमच्या उजवीकडं हा उलटा प्रकारच झालेला दिसतोय.

म्हणून नवीन सिलिंडर हातात घेतला की नट आधी बोटांनी फिरवा. चार-पाच फेऱ्या पान्हा न लावता गेल्या पाहिजेत. नाही गेल्या तर सिलिंडर परत. दुकानात जाताना जुना सिलिंडर आणि पाइपचा तुटका तुकडा, नटासकट, खिशात न्या.

पाइपचं तोंडही बघा. काहींचं तोंड आतल्या बाजूला दुमडून ४५ अंशांत पसरवलेलं असतं, काहींचं बुडबुड्यासारखं गोल. सिलिंडरच्या आतली बैठक ज्या प्रकारची, तोंड त्याच प्रकारचं हवं. एकाची बैठक दुसऱ्याला लावून आवळलं की थोडे दिवस धरतं, मग झिरपतं.

घाटरस्ता
मोजमापाचं पटलं. पण मग एवढी खटपट करण्यापेक्षा पुढे डिस्क ब्रेकच का नको? पद्मिनीला छोट्या मारुतीच्या डिस्क बसवून देणारे लोक आहेत. मी स्वतः पाहिलीय अशी गाडी, छान थांबते.

तोरिनोहून
इटलीतून लिहितोय, इथल्या जुन्या फियाटवाल्यांमध्ये ऊठबस आहे. घाटरस्ता यांचा विचार काही वावगा नाही. इथे १९६६ मध्ये ११०० आर आली, तिला फियाटनंच पुढे डिस्क दिल्या होत्या. म्हणजे त्याच घराण्यातल्या गाडीला कंपनीनंच ते केलंय. पण कंपनीनं फक्त डिस्क टांगली नाही, सोबतची हायड्रॉलिक मांडणी त्या हिशेबानं केली.

आणि यातच इटलीतून भाग मागवणाऱ्यांसाठी एक इशारा आहे. इथल्या दुकानांच्या यादीत '११००' या एका नावाखाली १०३, डी, आर अशा सगळ्या मॉडेलांचे भाग एकत्र असतात. आर च्या पुढच्या चाकांचे भाग तुमच्या कामाचे नाहीत. इंजिनाचे भाग मागवतानाही जपून: इथल्या ११०० डी ला १२२१ सीसीचं इंजिन होतं, भारतातल्या डी ला १०८९ चंच राहिलं. चांगली गोष्ट ही की इथले विक्रेते व्हील सिलिंडरचा व्यास मिमीमध्ये लिहितात. यादीत १९,०५ असं दशांशाच्या जागी स्वल्पविराम देऊन दिसेल, तो आपला ३/४ इंच. आट्यांचं माप बहुधा लिहिलेलं नसतं, ते निरोप पाठवून विचारून घ्या. लागलं तर मी इथून फोन करून विचारीन.

कुर्ला_वेस्ट
डिस्कबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ज्याला सगळी मांडणी बदलायची तयारी आहे त्यानं करावं, अर्धवट करू नये. ड्रमसाठी असलेल्या मास्टरच्या तोंडाशी एक छोटी झडप असते. ती पाइपमध्ये साधारण अर्धा ते एक बार दाब शिल्लक ठेवते, म्हणजे रबर कपांच्या कडा भिंतीला चिकटून राहतात आणि पहिल्याच दाबाला ब्रेक लागतो. डिस्कला हा शिल्लक दाब चालत नाही, पॅड घासत राहतात. उलट डिस्कचा मास्टर ड्रमला लावला तर पहिला दाब पोकळ जातो. डिस्कच्या कॅलिपरला तेलही जास्त लागतं. पुढे डिस्क आली की मागच्या ड्रमशी तोल नव्यानं बसवावा लागतो. हे सगळं करणारा मिस्त्री विरळा. बहुतेक ठिकाणी फक्त पुढचं काम होतं आणि फोटो टाकले जातात.

कृष्णाकाठ यांच्या गाडीचं वय बघता आणखी एक गोष्ट आहे. २०२१ च्या जुलैत केंद्रानं व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं. रोजच्या वापराला मात्र ती गाडी चालत नाही. ब्रेकचा उल्लेख त्या बदलांच्या यादीत नाही, पण पुढे तिकडे जायचं असेल तर गाडी जितकी मूळ राहील तितकं चांगलं.

कृष्णाकाठ
डिस्क नको. गाडी वडिलांनी चालवली तशीच ठेवायचीय. घाटरस्ता, राग मानू नका.

घाटरस्ता
राग कसला सर. झडपेचं मला माहीत नव्हतं, बरं झालं विषय निघाला.

मांडवी_तीर
गोव्याहून. मध्येच माझा प्रश्न घुसवतो, विषय जवळचा आहे म्हणून. माझी १९८६ ची पद्मिनी. नवा मास्टर सिलिंडर बसवल्यापासून गाडी थोडं अंतर गेली की ब्रेक आपोआप धरायला लागतात, चाकं तापतात. थंड झाली की सुटतात. मिस्त्री शू मागे घेऊन देतो, पुन्हा तेच. मास्टर चुकीचा आलाय का?

उद्यमनगर_लेथ
चुकीचा असेलही, पण आधी तपासा. मास्टरमध्ये टाकीतून येणारी दोन भोकं असतात, त्यातलं लहान भोक टाचणीच्या टोकाएवढं. पेडल सोडलं की पिस्टनचा कप त्या भोकाच्या मागं सरकायला पाहिजे. तेल तापून फुगतं, ते तिथून टाकीत परत जातं. पेडलच्या दांड्याला पिस्टनपाशी थोडी फट नसेल तर कप ते भोक झाकूनच बसतो, मग फुगलेलं तेल अडकतं आणि ब्रेक धरतात. नव्या मास्टरचा दांडा जुन्यापेक्षा मिलीमीटरभर लांब असला तरी पुरतं. पेडल बोटानं हलवून बघा, दांडा पिस्टनला टेकायच्या आधी जरा मोकळा खेळ हवा. मॅन्युअलमधलं माप असेल तर तेच धरा.

फट असूनही धरत असतील तर चाकं अडकलेली असताना मास्टरपाशी पाइपचा नट किंचित सैल करा. चाकं सुटली तर दोष मास्टरचा. नाही सुटली तर त्या चाकाचा ब्लीड निपल उघडा. आता सुटलं तर मधला रबरी होज आतून फुगून बंद झालाय. बाहेरून तो नवाकोरा दिसेल, आत भोक मिटलेलं असतं. तेल जातं पायाच्या जोरानं, परत येताना त्याला जोर कुठला? आणि निपल उघडूनही नाही सुटलं तर तेलाचा संबंधच नाही. शूचा पिव्होट, स्प्रिंग, हँडब्रेकची केबल बघायची.

शू मागं घेणं हा उपाय नव्हे. त्यानं ब्रेकच कमी होतो.

मांडवी_तीर
देव बरें करूं. दांड्याला काहीच खेळ नव्हता. दांडा आत घेतला, फोंड्यापर्यंत जाऊन आलो, चाकं थंड.

पांढरी_डिलाइट
मूळ मुद्द्याकडे येऊया. दादा, ३/४ चे दोन नवे सिलिंडर घ्या, एक नव्हे. एका धुरीवर दोन्ही बाजू एकाच मापाच्या, एकाच बनावटीच्या हव्यात. मुंबईत ऑपेरा हाउसजवळचा जुना स्पेअर पार्टचा बाजार, कुर्ला-कालिन्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट, चेन्नईत पुदुपेट, ही सगळी शोधायची ठिकाणं. फोनवर 'फियाटचा मागचा सिलिंडर आहे का' असं विचारू नका, हो असंच उत्तर येतं. 'तीन चतुर्थांश बोअर, आटे अमुक, बुडाचं माप अमुक' असं सांगा आणि व्हर्निअर लावलेला फोटो मागा.

कोणी जुन्या खोक्यातला, कधीच न वापरलेला माल दिला तर सिलिंडर आनंदानं घ्या, पण आतलं रबर तेवढंच म्हातारं आहे हे लक्षात ठेवा. कप काढून बोटात दुमडून बघा. कडेला बारीक भेगा दिसल्या किंवा दुमडलेला कप लगेच पहिल्या आकारात आला नाही तर किट (रबरांचा संच) नवं घाला. दोन-तीन दशकं कपाटात पडलेल्या रबरावर घाटात भरवसा ठेवायचा नाही.

कृष्णाकाठ
ताई, दुकानात तो ३/४ चा एकच नग होता. फोनाफोनी केली, तर जे मिळतायत त्यांतल्या एकाचे आटे वेगळे, दुसऱ्याचं बूड मोठं. पुन्हा बॅक प्लेट कानसायला लागेल असं दिसतंय. तेवढं करायचं नाही.

उद्यमनगर_लेथ
मग जुन्यालाच स्लीव्ह घाला. बोअर खराब झाला म्हणून सिलिंडर मेला असं नाही. ओतीव अंग शाबूत असेल, आटे चांगले असतील, तर लेथवर बोअर वाढवायचा, त्यात पितळेची किंवा स्टेनलेसची नळी घट्ट बसवायची, सीलिंगचा लॉकटाइट (चिकटवणारं द्रव) लावून, मग आतून होन करून (बारीक घासून गुळगुळीत करून) बरोबर १९.०५ वर आणायचं. बूड तेच, आटे तेच, पाइप तोच. बॅक प्लेटला हात लावायला नको. पितळ किंवा स्टेनलेस असल्यामुळं पुढं गंजाचा प्रश्न मिटला. आमच्या उद्यमनगरात हे काम चोख करणारे आहेत, ट्रॅक्टरचे आणि जुन्या जीपचे सिलिंडर सारखे येतात.

दोन गोष्टी बजावून सांगा. पहिली, तेल आत यायचं भोक आणि हवा काढायचं भोक स्लीव्हमध्ये पाडल्यावर आतल्या कडेची धार पूर्ण घासून काढायची. ती राहिली तर कप पहिल्याच आठवड्यात चिरतो. मास्टरला स्लीव्ह घालताना तर ते टाचणीएवढं भोक जागच्या जागी, बरोबर तेवढंच पडलं पाहिजे, नाहीतर मांडवी_तीर यांच्यासारखा प्रकार. दुसरी, माप मूळचंच. 'जरा मोठा करू का' असं कोणी विचारलं तर नाही म्हणायचं.

हलकी रेघ असेल तर नुसतं होनिंग चालतं, पण पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट ०.१५ मिमीच्या वर गेली की मी स्लीव्हच सांगतो. नखाला लागणारा खड्डा होनिंगनं काढायला गेलं की बोअर वाढतो आणि कप सैल बसतो.

कृष्णाकाठ
उजव्यासाठी मात्र ३/४ चं जुनं अंग नाही माझ्याकडे.

पांढरी_डिलाइट
माझ्याकडे आहे! डिलाइटचा मागचा जोड काढून ठेवला होता, एकाचा बोअर खराब पण अंग छान. तुमच्या डाव्याचं बूड आणि आटे माझ्याशी जुळतात का, तेवढं मोजून सांगा. जुळलं तर कुरिअरनं पाठवते. पैशांचं बोलू नका.

कृष्णाकाठ
तंतोतंत जुळलं. ताई, काय बोलू.

कुर्ला_वेस्ट
उत्तम. आता सोबतची कामं उरकून घ्या, कारण ड्रम पुन्हा उघडायला लावायचे नाहीत.

तेलानं भिजलेले डाव्या बाजूचे लायनर पेट्रोलनं धुऊन परत लावू नका. वरून कोरडे दिसतात, तापले की आतलं तेल पुन्हा वर येतं. दोन्ही चाकांना एकदम नवे लायनर. आपल्या या गाड्या कुर्ल्याला बनत आणि लायनरवाली हिंदुस्थान फेरोडो शेजारी घाटकोपरला होती, त्या काळी भाग शोधावा लागत नसे. आता जुन्या शूवर रिव्हेट मारून देणारे गाठा. रिव्हेटचं डोकं लायनरच्या पृष्ठभागाच्या बरंच खाली बसायला हवं.

ड्रमला आत खाचा असतील तर टर्निंग करा (लेथवर आतून सपाट करून घ्या), पण दोन्ही ड्रम सारखेच, आणि कमीत कमी. ड्रमवर किंवा मॅन्युअलमध्ये कमाल व्यास दिलेला असतो, त्याच्या पुढे गेलेला ड्रम टाकून द्यायचा. टर्निंगनंतर ड्रमची गोलाई मोठी होते आणि नवा लायनर फक्त मधोमध टेकतो. ड्रमला आत खडू लावून शू फिरवा. खडूचा डाग पूर्ण लांबीवर उमटला तर ठीक, मधेच पट्टा उमटला तर लायनर घासून गोलाई जुळवून घ्या.

रबर कप पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांपैकी कशातही धुवायचे नाहीत. स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइल. कधी कोणी टाकीत चुकून इंजिन ऑइल टाकलं असेल तर कप फुगून मऊ पडतात. तसे दिसले तर मास्टरपासून होजपर्यंत सगळं रबर बदला, पाइप स्पिरिटनं धुवा.

तेल डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक ऑइलची प्रत), सीलबंद डब्यातलं. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना ड्रम तापून तेलाची वाफ झाली की पेडल थेट जमिनीला टेकतं. तेच पाणी सिलिंडरच्या तळाशी साचून तुमच्यासारखे खड्डे पाडतं. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदला, गाडी कितीही कमी चालली तरी. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. आणि रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सोलतो.

तोरिनोहून
पाइपही बदलणार असाल तर शुद्ध तांब्याचा घेऊ नका. वाकायला सोपा असतो, पण थरथरून कडक होतो आणि चिरतो. तांबं-निकेलच्या मिश्रणाचा किंवा मूळसारखा पोलादी घ्या.

मांडवी_तीर
पोलादी पाइप आमच्याकडे खाऱ्या हवेत टिकत नाही. मी तांबं-निकेलचाच बसवलाय, किनारपट्टीवाल्यांनी तोच घ्यावा.

कृष्णाकाठ
काम झालं. दोन्ही मागचे सिलिंडर कोल्हापुरात स्लीव्ह करून आणले, पितळी स्लीव्ह, दोन्ही १९.०५. भोकांच्या कडा मी काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून तपासल्या, कापसाचा एक धागाही अडकला नाही. उजवीकडचा पाइप नवा, नट बोटांनीच शेवटपर्यंत गेला. बॅक प्लेटचं वाढवलेलं भोक वेल्डिंगनं भरून डाव्याच्या मापानं पुन्हा केलं. लायनर चारही मागचे नवे, खडूचा डाग पूर्ण उमटला. पुढची चाकंही उघडून मोजली. तिथे दोन्ही बाजू सारख्या आणि कोरड्या निघाल्या, फक्त किट बदललं. हवा काढताना लांबच्या चाकापासून सुरुवात केली.

पेडल आता वर आहे आणि दाबून धरलं तरी खाली जात नाही. मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात, मग थोड्या जास्त वेगात हात सैल सोडून ब्रेक मारून पाहिला. गाडी सरळ थांबते. वडील शेजारी बसले होते, म्हणाले आता नवी घेतली तेव्हासारखी थांबली.

कुर्ला_वेस्ट
फार छान वाटलं वाचून. मागून येणाऱ्यांसाठी एकच: ३/४ हा आकडा या गाडीचा आहे. धाग्यात वाचला म्हणून आपल्या पद्मिनीसाठी तोच मागवू नका, स्वतःच्या चारही चाकांत व्हर्निअर लावा. आणि कृष्णाकाठ, नवे लायनर ड्रमला घासून नीट बसेपर्यंत घाटात जाऊ नका. थोडे दिवस हलक्या हातानं चालवा, मग पुन्हा ड्रम काढून शूचा डाग बघा आणि ॲडजस्टमेंट करून घ्या.

उद्यमनगर_लेथ
ॲडजस्टमेंटच्या वेळी दोन्ही सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून आत बोट फिरवा. बोट कोरडं निघालं पाहिजे.

कृष्णाकाठ
करतो दोन्ही. ७/८ चा सिलिंडर चांगल्या स्थितीत आहे, फक्त आटे दुरुस्त करावे लागतील. ज्यांच्या गाडीला दोन्ही मागे ७/८ च आहेत आणि एक हवाय, त्यांनी मोजून निरोप टाकावा, पाठवून देईन. हँडब्रेकची केबल ताणली गेलीय, तिच्यासाठी वेगळा धागा काढतो.